मेथी, रद्दी आणि मूर्ती

आमच्या आजोळी फडताळाच्या वरच्या फळीवर एक टोपली असे. मळकट गुलाबी रंगाची, काठाला पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेली. तिच्यात कुरडया आणि शेवया ठेवत. हातात घेतली की ती फारच हलकी लागे आणि टिचकी मारली की लाकडासारखा टणक आवाज येई. पण ती लाकडाची नव्हती, वेताची किंवा बांबूचीही नव्हती. ती वर्तमानपत्रांची होती. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी ती कितीतरी वेळ उलटीसुलटी करून पाहत बसलो होतो, कुठे एखादे अक्षर दिसते का म्हणून. अक्षर एकही दिसले नाही.

कृती घरातल्या सगळ्या बायकांना पाठ होती. वर्षभराची रद्दी, भरलेल्या वह्या, वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद फाडून पिंपात भिजत घालायचे. तीन-चार दिवसांनी ते पिळून उखळात कुटायचे. रात्रभर भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून त्यात मिसळायची आणि कणकेसारखा गोळा मळायचा. मग पातेले पालथे घालून त्यावर ओले फडके पसरायचे आणि त्यावर लगदा सारख्या जाडीचा थापत जायचे. उन्हाळ्यातली दोन-तीन कडक उन्हे लागली की टोपली पातेल्यावरून सुटून हातात येई. वरून गेरूचा किंवा रंगाचा हात, चुन्याचे ठिपके, आणि काम झाले.

कागदाच्या लगद्यातून रंगीत मूर्ती, मुखवटे आणि पुतळे घडवण्याची कला काश्मीरपासून मेक्सिकोपर्यंत पसरलेली आहे. तिच्यामागे राजाश्रय आहे, पेटंटे आहेत, पद्म पुरस्कारही आहेत. पण तिचे सगळे मर्म त्या पालथ्या पातेल्यावर आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्या घरात अशी टोपली झाली, त्या घराने ही कला अर्धी शिकलेली असते.

आधी या गोष्टीतले नवल समजून घेऊ. पावसात भिजलेले वर्तमानपत्र हातात धरवत नाही, त्याच्या चिंध्या होतात. तेच वर्तमानपत्र आणखी भिजवले, कुटले आणि वाळवले की दगडासारखे टणक होते. असे का व्हावे?

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचे जाळे. हे तंतू सेल्युलोजचे असतात. सेल्युलोजचा रेणू ही ग्लुकोजच्या शेकडो-हजारो घटकांची लांब साखळी असते, आणि त्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. या गटांना पाण्याची फार ओढ. कागद ओला झाला की पाणी तंतूंच्या मध्ये शिरते, तंतूंनी एकमेकांना धरलेले हात सुटतात आणि ते पाण्यात मोकळे तरंगू लागतात. लगदा वाळू लागला की उलटे घडते. उडून जाणारे पाणी आपल्या पृष्ठताणाने शेजारशेजारच्या तंतूंना जवळ ओढते. ते पुरेसे जवळ आले की त्यांच्यात थेट हायड्रोजन बंध जुळतात. एकेक बंध दुबळा असतो, पण त्यांची संख्या मोजण्यापलीकडची असते. म्हणून कागद बनवायला मुळात गोंद लागतच नाही. तंतू, पाणी आणि ऊन एवढ्यावर भागते. रद्दी भिजवून मूर्ती करणारा माणूस कागदाचा जन्म पुन्हा एकदा घडवत असतो, फक्त या वेळी सपाट चौकटीऐवजी त्याला हवा तो आकार देऊन.

याला एक मर्यादा आहे. दर वेळी भिजवताना आणि कुटताना तंतू तुटून आखूड होतात, आणि एकदा वाळलेला तंतू पुन्हा पहिल्याइतका फुगत नाही. त्यामुळे कारखान्यात तोच कागद साधारण पाच ते सात वेळाच पुन्हा कागद होऊ शकतो. पण मूर्तिकाराला आखूड तंतूंचे वावडे नाही. लांब तंतू अंगाला बळकटी देतात, आखूड तंतू नाकडोळे रेखायला मऊ पडतात. कागद म्हणून ज्याचा शेवट झाला, ते मूर्तीसाठी चांगलेच साहित्य आहे.

आता मेथीकडे वळू, कारण आज्यांचे शहाणपण तिथे आहे. मेथीच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट पदार्थ भरपूर असतो. गवारीच्या बियांपासून निघणारा, आइस्क्रीमपासून छपाईपर्यंत सगळीकडे वापरला जाणारा गवार गम याच कुळातला. तंतूंच्या मध्ये राहिलेल्या फटी हा चिकटा भरून काढतो. शिवाय मेथी कडू, त्यामुळे साध्या खळीवर तुटून पडणारे किडे तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. एकाच दाण्यात डिंकही आणि कीटकांपासून राखणही! सावंतवाडीच्या गंजिफांसाठी, म्हणजे रंगीत पत्त्यांसाठी, चित्रकार चिंचोक्याची खळ वापरतात, पुस्तके बांधणारे आपल्या खळीत मोरचूद घालत, आणि या बायकांनी स्वयंपाकघरातला डबा उघडला. रसायनशास्त्राचे पुस्तक कुणाच्याच हाताशी नव्हते, पण प्रत्येकाने योग्य वस्तू शोधून काढली होती.

कागद वाया घालवायचा नाही, ही सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कारण आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात कागद बनवणारे कारागीर तिथे वसले असे परंपरा सांगते. जुन्नरचा कागदही मराठी दप्तरांत नावाजलेला होता. हे कागद हाताने, बहुतेक जुन्या चिंध्या आणि तागातून होत. एकेक ताव पाण्यातून जाळीवर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा, घोटायचा. ज्या वस्तूला इतके हात लागलेत ती फेकायची कशी? खराब झालेला ताव पुन्हा हौदात जाई. लगदा हा कागदवाल्यांच्या रोजच्या व्यवहारातला शब्द होता.

काश्मीरने या लगद्याला राजेशाही थाट दिला. चौदाव्या शतकात सूफी संत मीर सय्यद अली हमदानी यांच्याबरोबर मध्य आशिया आणि इराणकडचे कारागीर खोऱ्यात आले, आणि पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनने त्यांना आश्रय दिला असे मानतात. सुरुवातीला लेखण्या ठेवायच्या कलमदानांवर ही कारागिरी होई, म्हणून तिचे जुने नाव कार-ए-कलमदानी. आजही या कामाचे दोन स्वतंत्र भाग आहेत आणि ते बहुधा वेगवेगळी माणसे करतात. पहिला साख्तासाझी, म्हणजे घडवणे. कागद काही दिवस भिजवून दगडी उखळीत कुटतात, त्यात भाताची खळ घालतात आणि साच्यावर चढवतात. वाळल्यावर करवतीने कापून साच्यातून सोडवतात, सरसाने पुन्हा जोडतात, वर खडू किंवा जिप्सम आणि सरसाचा थर देऊन घासून गुळगुळीत करतात. दुसरा भाग नक्काशी, म्हणजे रंगवणे. चिनाराची पाने, केशराची फुले, खंड्या पक्षी, सोन्याच्या वर्खाची बारीक वेलबुट्टी, आणि शेवटी वार्निश. श्रीनगरच्या खानकाह-ए-मौला या लाकडी वास्तूत भिंती आणि छत या कामाने मढलेले आहेत.

या कलेला आज सगळीकडे जे फ्रेंच नाव आहे, ‘पेपिये माशे’, त्याचा अर्थ चावलेला कागद. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जात तेव्हा त्या अशा रंगीत पेट्यांत बांधून पाठवत, आणि फ्रान्समध्ये शालींइतकाच पेट्यांनाही भाव येऊ लागला, असे सांगतात.

खुद्द युरोपात या कागदावर वेगळेच प्रयोग चालले होते. बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले याने १७७२ साली कागदाचे ताव खळीने एकावर एक चिकटवून, तेल पाजून, भट्टीत वाळवून तक्ते करण्याचे पेटंट घेतले. ते तक्ते लाकडासारखे करवतीने कापता येत, आणि त्यांतून बग्ग्यांची अंगे, टेबले, तबके बनत.

पण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत थोर वाटतो तो लुई ओझू. नॉर्मंडीतल्या सेंट-ओबँ-देक्रोव्हिल या खेड्यात १७९७ साली जन्मलेला हा डॉक्टर. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शरीराची रचना शिकायची तर प्रेत लागे. प्रेते मिळत नसत, मिळाली तर टिकत नसत, उन्हाळ्यात तर विच्छेदन अशक्यच. मेणाचे पुतळे होते, पण ते महाग, हात लावला की मोडणारे, आणि नुसते पाहायचे. ओझूला असा पुतळा हवा होता, जो विद्यार्थी उघडू शकेल, आतले काळीज काढून हातात घेऊ शकेल, आणि पुन्हा जागच्या जागी बसवू शकेल. त्याने लगद्याची एक खास कृती तयार केली. पिठाची खळ, कागदाचे बारीक तुकडे, खडूची भुकटी आणि बुचाची पूड. बुचामुळे मिश्रण हलके झाले, खडूमुळे घट्ट. धातूच्या साच्यांत दाबून वाळवलेले अवयव एकमेकांत चपखल बसत आणि आकड्यांनी अडकवता येत. वर स्नायू, शिरा आणि धमन्या हाताने रंगवलेल्या, आणि प्रत्येक भागावर क्रमांकाची चिठ्ठी.

हा कारखाना त्याने शहरात काढला नाही, आपल्याच खेड्यात काढला. शेतीत राबणाऱ्या स्त्री-पुरुषांना त्याने शरीररचना शिकवली, आणि ते हात हृदयाचे कप्पे आणि कानातले पडदे घडवू लागले. माणसाबरोबर घोड्याचे, किड्यांचे, फुलांचेही मोठे पुतळे तिथे बनले आणि जगभरच्या महाविद्यालयांत गेले. त्यांतले कितीतरी आजही संग्रहालयांत शाबूत आहेत, आणि त्या खेड्याजवळ ल नोबूर या गावी त्यांचे एक वेगळे संग्रहालयच आहे. शरीर नाशवंत म्हणून कागदाचे केले, आणि कागद दोनशे वर्षे टिकायला आला. कागद तकलादू असतो, असे यापुढे कोणी म्हणाले तर त्याला ओझूची गोष्ट सांगावी.

मेक्सिकोची कथा अगदी वेगळी. तिथे खळ आणि कागदाचे थर देऊन बाहुल्या, सांगाडे, सणाला जाळायचे पुतळे करण्याची लोककला होतीच. १९३६ साली मेक्सिको शहरातला पेद्रो लिनारेस हा कारागीर आजारी पडला आणि तापात त्याला जंगलात विचित्र प्राणी दिसले, पंख फुटलेली गाढवे, शिंगांचे कोंबडे, आणि ते सगळे ‘आलेब्रिहेस’ असा एकच शब्द ओरडत होते. बरा झाल्यावर त्याने ते प्राणी कागदातून घडवले आणि अंगभर भडक ठिपक्या-रेषांनी रंगवले. १९९० साली त्याला त्याच्या देशाचा राष्ट्रीय कला पुरस्कार मिळाला. आज मेक्सिको शहरात दरवर्षी या प्राण्यांचे अवाढव्य पुतळे मिरवणुकीने निघतात.

आपल्याकडे बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातल्या सुभद्रा देवी यांना कागदाच्या लगद्याच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. मिथिलेतही घरोघरी लगद्याची भांडी करण्याची रीत आहे, आणि त्याच घरगुती कामातून त्या मूर्तींकडे आणि खेळण्यांकडे आल्या. ही बातमी वाचली तेव्हा मला फडताळावरची टोपली आठवली, आणि फार बरे वाटले.

महाराष्ट्रातला या कलेचा खरा दरबार पाहायचा तर जव्हार, मोखाडा भागातला बोहाडा पाहावा. होळीनंतर पावसाळ्यापर्यंत, गावोगाव ठरलेल्या रात्री, मशालींच्या उजेडात सोंगे नाचतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण, महिषासुर, वेताळ. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांतले लोक ते मुखवटे लावून संबळ आणि सनईच्या तालावर रात्रभर खेळतात. जुने मुखवटे लाकडाचे, पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. याचे कारण उघड आहे. दहा तोंडांचा रावण लाकडाचा असेल तर मानेवर घेऊन किती वेळ नाचणार? लगद्याचा मुखवटा मोठा करता येतो आणि तरी पेलतो. मशालीच्या हलत्या प्रकाशात दुरून चेहरा ओळखू यावा म्हणून डोळे वटारलेले, रंग सपाट आणि गडद. दुकानात टांगलेला हा मुखवटा दिवसा पाहणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. तो रात्री, नाचताना पाहायचा असतो.

आता स्वतः करून पाहणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर.

कागद कुठलाही चालत नाही. मासिकांच्या चकचकीत कागदावर मातीचा लेप असतो, तो नीट भिजत नाही. सर्वांत सोपा कागद म्हणजे अंड्यांचे करडे ट्रे. ते मुळात लगदा साच्यात दाबूनच बनवलेले असतात, त्यामुळे पाण्यात लवकर सुटतात. वर्तमानपत्रही उत्तम, फक्त लगदा करडा होतो. तुकडे गरम पाण्यात एक रात्र भिजवा, मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडे थोडे फिरवा, फडक्यात घालून पिळा. पिळलेला लगदा हाताने कुस्करून मोकळा करा, गुठळ्या राहिल्या तर त्या शेवटी मूर्तीच्या गालावर दिसतात.

एक वाटी दाबून भरलेल्या लगद्याला साधारण पाऊण वाटी व्हायटिंग, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारी खडूची भुकटी, अर्धी वाटी फेव्हिकॉल, पाव वाटी मैद्याची शिजवलेली घट्ट खळ, चमचाभर जवसाचे तेल आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे काही थेंब. हे माझ्या हाताला बसलेले प्रमाण आहे, तुमचे थोडे वेगळे बसेल. व्हायटिंग मिसळताना नाकाला रुमाल बांधा. खडूमुळे मिश्रण गुळगुळीत होते आणि आकसणे कमी होते. कारण नुसता लगदा बराचसा पाणीच असतो, तो वाळताना अंग चोरतो आणि भेगा पडतात. फेव्हिकॉल नको असेल तर वाटलेल्या मेथीवर किंवा चिंचोक्याच्या खळीवर भागवा. मूर्ती थोडी कमी कणखर होईल, पण वेळ आली तर पुन्हा भिजवून तिचाच लगदा करता येईल. फेव्हिकॉलने बांधलेली मूर्ती तशी सुटत नाही.

भरीव मूर्ती कधीही करू नका. बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि कुजते. आत चुरगाळलेल्या कागदाचा आणि तारेचा सांगाडा करून तो चिकटपट्टीने घट्ट बांधा, आणि वर अर्धा सेंटिमीटरचा थर द्या. तो पूर्ण वाळल्यावरच पुढचा. पहिल्या दिवशी कडक उन्हात ठेवू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा, नाहीतर बाहेरची कातडी आधी आवळते आणि तडकते. टोपली थेट उन्हात वाळत असे, कारण ती पातळ आणि दोन्ही बाजूंनी मोकळी. मूर्तीचे तसे नाही. माझ्या पहिल्या हत्तीचे दोन्ही कान याच चुकीने गेले.

रंगकाम ही शेवटची पायरी, पण तिची तयारी महत्त्वाची. वाळलेली मूर्ती पॉलिश पेपरने घासा. व्हायटिंग आणि पातळ केलेला फेव्हिकॉल यांचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुन्हा घासा. काश्मीरचा कारागीर जिप्सम आणि सरसाने जे करतो तेच हे. या पांढऱ्या अस्तराशिवाय कागद रंग पितो आणि मूर्ती मलूल दिसते. अस्तरावर अॅक्रिलिक किंवा पोस्टर रंग खुलतात. डोळे सर्वांत शेवटी रंगवा, एका श्वासात, हात टेकवून. वर वार्निशचे दोन हात, नाहीतर पावसाळ्यातली दमट हवा आत शिरेल.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्ती विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या आणि त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. त्यानंतर कागदाच्या लगद्याच्या गणपतींना मागणी वाढली. या मूर्ती हलक्या असतात, परदेशातल्या मराठी घरांत पाठवायलाही सोयीच्या. पण कागदाची म्हणून ती नदीत सोडायला निर्धोक, हे खरे नाही. सुटलेले तंतू पाण्यात तरंगत राहतात, ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खर्च करतात, आणि शाई, रंग, फेव्हिकॉल पाण्यात जातात ते वेगळेच. विसर्जनासाठी शाडूचीच मूर्ती घ्यावी. कागदाची मूर्ती ठेवण्यासाठी आहे. तिची पूजा करायची असेल तर ती दरवर्षी त्याच पाटावर बसवावी.

एक विनंती करतो. तुमच्या किंवा तुमच्या गावाकडच्या घरात माळ्यावर मेथीच्या लगद्याची टोपली असेल तर ती खाली उतरवा, पुसा आणि वापरात घ्या. आणि ती करणारी बाई हयात असेल तर तिला विचारा, किती कागदाला किती मेथी, किती दिवस भिजत, कुठल्या महिन्यात. जे सांगेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. यंदाच्या चैत्रात तिच्या शेजारी बसून एक टोपली करा.